बाहेरून कुलूप, आत मी

आधीच सांगून ठेवते, हसायचं नाही. हसलात तर चहा अर्धा टाकून उठून जाईन. माझा राग तुम्हाला ठाऊक आहे, आणि ही गोष्ट तर पहिल्यापासून शेवटपर्यंत रागाचीच आहे. आयुष्यात गाढवपणा पुष्कळ केला मी. पण सगळी कॉलनी गोळा करून, दाराचा कोयंडा उचकटून घेऊन केलेला असा हा एकच.

आणीबाणी नुकतीच उठली होती. आम्ही नाशिक रोडला क्वार्टर्समध्ये राहायचो. आमचे हे सरकारी नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एकच दार, दारासमोर लांब गॅलरी आणि त्या गॅलरीवर चार बिऱ्हाडं.

मी बाहेरून बी.ए. करत होते. इंग्रजी घेऊन! कोणी सांगितलं होतं? कोणी नाही, माझीच हौस. पण नुसती हौसही नव्हती. जवळच्या हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा रिकामी होणार होती आणि हेडमास्तरांनी स्वतः सांगितलं होतं, "पगारेबाई, बी.ए. होऊन या, जागा तुमची." वर्षानुवर्षं पहिलीच्या पोरांची नाकं पुसून मी कंटाळले होते. ती जागा मला हवी म्हणजे हवीच होती.

आणि अडलं कुठं? एका पेपरात. त्या पेपराला मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा एकाच पुस्तकानं घात केला.

पुस्तक म्हणाल तर एवढंसं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली लहानशी कादंबरी. त्यातला नायक लंडनचा मोठा माणूस. घर केवढं! नोकर, शेकोटी, आरामखुर्ची, भिंतभर पुस्तकं. आणि या माणसाचं दुःख काय? तर तो एकटा आहे! मित्र भेटायला आले की नोकर दारातून सांगतो, साहेब कोणाला भेटत नाहीत. मग साहेब आत बसून झुरतात, हाय रे माझं कोणी नाही! अहो, मला एवढा संताप यायचा. एवढी मोठी खोली, कोणी कटकट करायला नाही, आणि रडतोस कशाला रे?

दर वर्षी प्रश्न ठरलेला. या कादंबरीतला एकाकीपणा आणि तुटलेपण यावर लिहा. मी गाइडमधलं उत्तर पाठ करून जायची आणि आपटायची.

आमचे सर कॉलेजात दर रविवारी बाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवायचे. माझी उत्तरं वाचून त्यांनी चष्मा काढला.

"पगारेबाई, तुम्ही कधी एकट्या राहिल्या आहात का?"

"एकटी? मी? सर, मी आठ भावंडांतली. लग्न झालं ते अकरा माणसांत."

"म्हणूनच," सर म्हणाले. "तुम्हाला त्या माणसाचा राग येतो, त्याचं मन कळत नाही. आठवडाभर एकट्या बसा. कोणाशी बोलू नका. मग लिहा."

ऐकलंत? आठवडाभर एकट्या बसा! सरांना सांगायला काय जातं? त्यांनी आमची गॅलरी पाहिली नव्हती.

त्या कॉलनीत इंग्रजी वाचता येणारी बाई मी एकटी. त्यामुळे कोणाची तार आली, चला पगारेबाईंकडं. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, चला पगारेबाईंकडं. मुलीच्या स्थळाला पत्र लिहायचंय, जावई इंग्रजी शिकलेला आहे, चला. त्यात शेजारच्या पुष्पाताई. मूळच्या निफाडकडच्या, घरची शेती, गळा खणखणीत. त्या तर दार वाजवायच्याच नाहीत. थेट आत.

"बाई, वाचताय व्हय? वाचा वाचा. मी काय बोलत नाय. नुस्ती बसते."

आणि नुस्ती बसून दीड तास बोलायच्या!

पलीकडं शिंदेकाकू, यजमान रिटायर व्हायला आलेले, सुना-लेकी लांब. त्या बिचाऱ्या बोलायच्या नाहीत, पण दर अर्ध्या तासानं डोकावून विचारायच्या, "झालं का हो तुमचं?" तुम्हीच सांगा, बी.ए. काय भात आहे, झाला का म्हणून बघायला?

माहेरी जाऊन अभ्यास करावा, तर पिंपळगावला माझी दोन्ही पोरं सुट्टीसाठी आधीच पोचलेली. तिथं भावाची चार. म्हणजे अभ्यास सोडून पंगतच वाढत बसायची. वाचनालयात बाईमाणसानं दिवसभर बसायची तेव्हा पद्धत नव्हती. मग करायचं काय?

आणि मला युक्ती सुचली. त्या युक्तीला आज मी चप्पल काढून मारीन.

यांना म्हटलं, "उद्यापासून ड्यूटीला जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचं. किल्ली घेऊन जायचं. पाचला आलात की उघडायचं. दहा दिवस."

"लोकांनी विचारलं तर?"

"सांगा, माहेरी गेली."

"खोटं बोलायचं?"

"अहो, एवढं तरी करा माझ्यासाठी!"

यांनी पितळेचं मोठं कुलूप आणलं. सोमवारी सकाळी ते बाहेरून खटकन लागलं आणि मी आत चटईवर बसले. रजा मंजूर, पोरं गावी, दार बंद. पहिले दोन तास काय सुखाचे गेले म्हणून सांगू! चौदा पानं वाचली. नायकाबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली.

अकराच्या सुमारास गॅलरीत पावलं वाजली आणि थांबली.

"अगं बाई, कुलूप?" पुष्पाताईंचा आवाज.

आता तुम्हाला सांगते, आमच्याकडं कुलूप लावून जायची रीत होती. जाताना शेजारी सांगायचं, किल्ली त्यांच्याकडं द्यायची, पाणी भरून ठेवा म्हणायचं, दुधवाल्याला नाही म्हणायचं. तेवढं केलं की तुम्ही महिनाभर जा, कोणी विचारणार नाही. पण न सांगता कुलूप? किल्लीही न देता? हे आमच्या कॉलनीत घडत नव्हतं. म्हणजे घडलंच, तर त्या घरात काहीतरी झालेलं असायचं.

हे माझ्या डोक्यातच आलं नाही! इंग्रजी कादंबरी समजून घ्यायला निघाले होते आणि स्वतःच्या गॅलरीची रीत विसरले.

संध्याकाळी जिन्यातच यांना गाठलं सगळ्यांनी. मी दाराला कान लावून होते.

"बाई कुठं गेल्या हो, पगारेदादा?"

"माहेरी."

"अशा अचानक?"

"हो... म्हणजे... असंच."

झालं! या माणसाला साधं खोटं बोलता येत नाही. 'असंच' कशाला म्हणायचं? पोरांना बघायला गेली म्हणा की! त्या एका 'असंच'वरून दहा मिनिटांत ठरलं की पगारेबाई भांडून माहेरी गेल्या.

आणि हे दार उघडून आत आले ते हातात डबा घेऊन.

"हे काय?"

"पुष्पाताईंनी दिलं. भरलं वांगं आणि भाकरी. म्हणाल्या, एकटे पडलात, उपाशी राहू नका."

ऐकलंत तुम्ही? कोंडून घेतलेली मी. पंखा करकरतो म्हणून एप्रिलच्या उकाड्यात बिनपंख्याची बसलेली मी. स्टोव्हचा आवाज बाहेर जाईल म्हणून दुपारी दूध-पोहे खाल्लेली मी. आणि एकटे कोण पडले? हे!

वांगं मात्र झकास झालं होतं. त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी शिंदेकाकूंची पुरणपोळी आली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून मटकीची उसळ आणि वर लिंबाचं लोणचं. यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी यायला लागली हो! आणि संध्याकाळी कॉलनीतले पुरुष यांची सोबत करायला यायला लागले. म्हणजे दिवसा कुलुपात आणि संध्याकाळी मी स्वयंपाकघरात, दार लावून, पाटावर, दिवा न लावता. बाहेर पत्ते चाललेले.

"पगारे, एकटेपणा लय वाईट," कोणीतरी म्हणायचं.

यावर हे काय करायचे माहीत आहे? उसासा टाकायचे! अगदी पोटातून. नाटकात काम करत नव्हते म्हणून, नाहीतर बक्षीस मिळवलं असतं. लाटणं हातात होतं माझ्या. पण फेकता येत नव्हतं, आवाज झाला असता.

ते गेले की मी यांना फैलावर घ्यायची. "उसासे कसले टाकता? सांगा ना, भांडण झालेलं नाही म्हणून!"

"सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही लय सोशिक आहात."

दिवसा तरी शांतता? कुठली शांतता! आमच्या दारासमोर दुपारी सावली असायची. एरवी मी घरात वाचत असते म्हणून बायका तिथं बसायला कचरायच्या. आता घर बंद. मग काय, पाट, लाटणी, परात, सगळं माझ्या खिडकीखाली! उडदाचे पापड सुरू. मी एकटं बसायला म्हणून कोंडून घेतलं आणि अख्खी कॉलनी माझ्या उंबऱ्यावर आणून बसवली. बंद खिडकीला एक फट होती. तिच्या अलीकडं मी एकाकीपणावर लिहितेय आणि पलीकडं आठ बायका माझ्यावर बोलतायत.

"राग जरा जास्तीच हाय बाईंना."

"नाकावरच असतो."

"विरजण मागितलं तर द्यायच्या, नाय म्हणत नाय मी. पण कशा द्यायच्या? थांबा, करून दाखवते." आणि पुष्पाताईंनी माझी नक्कल केली. "पुष्पाताई! वाटी परत आणायची! मागच्या वेळची अजून आली नाही!"

अशी काही नक्कल केली, की सगळ्या जणी पाट सोडून लोळल्या. आणि तुम्हाला खरं सांगते, आवाज अगदी माझाच होता. मी पेन्सिल चावली. चावता चावता तुटली.

शिंदेकाकू मध्येच म्हणाल्या, "पण बाई नसल्या की गॅलरी ओकीओकी वाटते हो." हे मी ऐकलं. चांगलं स्पष्ट ऐकलं. पण मी इतकी फणफणत होते, की ते डोक्यात शिरलंच नाही. वहीत मात्र मी लिहून ठेवलं होतं, कोण काय बोललं, नावानिशी. परीक्षा झाली की एकेकीला बघून घेणार होते.

असे पाच दिवस गेले. शनिवारी सकाळी साडेदहाला जिन्यात जड पावलं वाजली आणि मी हातातली वही खाली ठेवली. ती पावलं मी ओळखते. माझा धाकटा भाऊ नामदेव! द्राक्षाच्या पेट्या घेऊन त्याचा टेंपो स्टेशनला यायचा. पोरांचे कपडे न्यायला तो मुद्दाम वर आला होता.

"जय भीम, ताई! अगं ए ताई! ... कुलूप?"

पुष्पाताई बाहेर आल्या. "कोण पायजे?"

"मी पगारेबाईंचा भाऊ. पिंपळगावहून आलो. ताई शाळेत गेली का?"

मी आत डोळे मिटले.

"भाऊ," पुष्पाताई हळूच म्हणाल्या, "बाई तुमच्याकडंच नाय का?"

"आमच्याकडं? नाय!"

"सोमवारपासून माहेरी गेल्यात म्हणून सांगितलं की पगारेदादांनी!"

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते मला फटीतून दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. दारं उघडली. पाट सरकले. कोणीतरी हंबरडा फोडला. कोणी म्हणालं स्टेशनवर चौकशी करा, कोणी म्हणालं नदीकडं माणूस पाठवा. एक जण म्हणाली, "तरीच दादा एवढे उसासे टाकायचे!"

नामदेव धावत प्रेसच्या गेटवर गेला आणि अर्ध्या तासानं आणखी लाल होऊन परत आला. ड्यूटी सुटेपर्यंत आतला माणूस बाहेर येत नाही आणि बाहेरचा निरोप आत जात नाही. तिथला नियमच तसा.

"पाच वाजेस्तोवर मी काय बसू काय? पोलिसात जातो! माझ्या बहिणीचं काय केलं त्यांनी?"

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही आत होता ना? बोलायचं की! अहो, बोलायचं काय? 'मी इथंच आहे, तुमच्यापासून लपून बसलेय, आणि पाच दिवस तुमचं बोलणं ऐकतेय' असं? लाज वाटत होती मला. मी विचार केला, नामदेव पोलिसात पोचेपर्यंत काहीतरी सुचेल. बघा, माणूस किती हलकट होतो. भाऊ बाहेर रडकुंडीला आलेला आणि मी आत अब्रूचा विचार करत बसलेले.

खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ कागद-पेन घेऊन वर आले. तक्रार द्यायची तर वर्णन लागतं म्हणाले.

"रंग?"

"सावळा," पुष्पाताई.

"बांधा?"

"भरलेला. चांगलाच."

मी आत दात आवळले.

"काही खूण?"

"कपाळाला आठी. कायम असती."

"लिहितो. वय?"

"असेल की पंचेचाळीस."

"छत्तीस!"

अहो, तोंडातून निघून गेलं! खिडकीच्या फटीला तोंड लावून मी किंचाळले, "छत्तीस! मला छत्तिसावं चालू आहे!"

बाहेर पेन पडल्याचा आवाज आला. मग पुष्पाताईंची अशी किंकाळी, की खालची कुत्री भुंकायला लागली.

"बाई आत हायेत! दादांनी कोंडून ठेवलंय बाईंना!"

"नाही हो, ऐका..."

"घाबरू नका बाई! आम्ही हाय! अहो, पाच दिवस आम्ही त्या माणसाला वांगी खाऊ घालतोय आणि त्यानं बायकोला कोंडलीय!"

"अहो, मीच सांगितलं होतं कुलूप लावायला!"

"भ्यायचं नाय ताई," नामदेव ओरडला. "काय बोलायचं ते बाहेर आल्यावर बोल!"

टेंपोतली चाक खोलायची लोखंडी टामी आली. कुलूप पितळेचं, ते कसलं तुटतंय? मग कोयंडाच उचकटला. चौकटीचा हा एवढा टवका निघाला आणि दार उघडलं.

आणि मी कशी दिसत होते? पाच दिवस विंचरलेलं नाही. घामानं पोलकं भिजलेलं. गालाला शाई. भोवती कागदांचा पसारा, आणि कागदांवर काय? 'एकाकीपणा, एकाकीपणा, एकाकीपणा' असं मी पान पान भरून गिरवलेलं. शिंदेकाकूंनी एक कागद उचलून वाचला आणि पदर डोळ्याला लावला.

"पोटाला तरी द्यायचे का हो काही?"

"द्यायचे! तुमचीच पुरणपोळी खाल्ली!"

"बघा, उरलंसुरलं द्यायचे," कोणीतरी हळहळलं.

पुष्पाताईंनी मला उराशी धरलं. "खरं सांगा बाई. का कोंडलं तुम्हाला?"

"अहो, मला एकटं बसायचं होतं! अभ्यासाला!"

सगळ्या जणी एकमेकींकडं बघायला लागल्या. कोणाला पटेना. नवरा मारतो, पटलं असतं. सासू छळते, पटलं असतं. पण धडधाकट बाईला एकटं बसावंसं वाटतं, हे काय पटण्यासारखं होतं?

"एकटं बसायला कुलूप कशाला लागतं बाई?" पुष्पाताईंनी अगदी मायेनं विचारलं.

आणि माझा फटाका फुटला.

"तुमच्यामुळं! तुमच्यामुळं लागतं! तुमचं विरजण, तुमच्या तारा, तुमच्या औषधाच्या बाटल्या! 'झालं का हो, झालं का हो'! दोन वर्षं नापास झाले मी तुमच्या पायी! जरा म्हणून एकटी सोडत नाही मला! आणि खिडकीखाली बसून माझ्या नकला करता? मी सगळं ऐकलंय! सगळं लिहून ठेवलंय!" असं म्हणून मी वहीच वर धरली.

पुष्पाताईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. पापड गोळा केले, परात उचलली. एकेक करून सगळ्या आपापल्या दारात गेल्या आणि दारं लागली. नामदेव टामी हातात धरून तसाच उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "एवढं बोलायला नको होतं."

त्यालाही मी फाडून खाल्लं. तो पोरांचे कपडे घेऊन निघून गेला. पाचला हे आले. तुटलेलं दार पाहिलं, माझा चेहरा पाहिला, सगळं ऐकून घेतलं. आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"म्हणजे आजपासून डबे बंद?"

आता पेपराला चार दिवस होते, आणि मला हवा होता तो एकांत मिळाला. कुलूप नाही, काही नाही. दार सताड उघडं. कोणी फिरकलं नाही! बायका गॅलरीतून जायच्या त्या चपला हातात घेऊन, माझ्या दारासमोर चवड्यांवर. पोरांना दटावायच्या, "गप रे, बाई एकट्या बसल्यात." शिंदेकाकूंना एक पत्र आलं, त्या ते घेऊन पार दुसऱ्या इमारतीत वाचून घ्यायला गेल्या. मी दारातून बघितलं.

पहिला दिवस मी म्हटलं, बरं झालं! दुसऱ्या दिवशी एका ओळीवर अडीच तास बसले. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून उगीच खोकले. चांगली तीनदा खोकले. कोणी विचारलं नाही, बाई, बरं नाही का? मला राग आला. कोणाचा, ते कळेना, त्यामुळं जास्तच आला. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सांगते खरं ते, तुमच्यापासून काय लपवायचं? त्या पाच दिवसांच्या कोंडवाड्यात एकदाही एकटं वाटलं नव्हतं आणि उघड्या दारात जीव घाबरा झाला.

माफी मागायची होती हो मला. पण माझं तोंड! भांडायला एक म्हणता दहा शब्द, आणि माफीला एकही फुटत नाही.

पेपराच्या दिवशी निघाले. आमच्याकडं कोणाचं पोर चौथीच्या परीक्षेला निघालं तरी हातावर दही-साखर ठेवायला चारही दारं उघडायची. त्या दिवशी एकही उघडलं नाही. नाशकातल्या द्वारका चौकापर्यंत बसमध्ये मी नुसती धुमसत होते.

प्रश्न तोच आला. एकाकीपणा आणि तुटलेपण. मी लिहायला बसले आणि तीन तास मान वर केली नाही. गाइडमधलं एक वाक्य लिहिलं नाही. त्या लंडनवाल्याला मी सोलून काढला! आणि आधीच सांगून टाकते, पास झाले. त्या पेपरात आमच्या केंद्रावर सगळ्यात जास्त मार्क माझे. हायस्कुलातली जागाही मिळाली. पण ते नंतरचं.

त्या दिवशी दुपारी घरी आले. खालच्या अंगणात बायका गहू निवडत होत्या. मला बघितलं आणि सगळ्यांच्या माना सुपात गेल्या. मी मुद्दाम हळू चालले. हातातला पेपर मुद्दाम फडफडवला. कोणी विचारावं ना? नाही! जिन्याच्या दोन पायऱ्या चढले आणि मग माझ्याच्यानं राहवेना. मागं फिरले, अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले.

"अहो, कोणी विचारणार आहे की नाही मला, पेपर कसा गेला म्हणून?"

सुपं थांबली. पुष्पाताईंनी मान वर केली.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला एकटं बसायचंय."

"बसले की! चार दिवस बसले! मेले बसून बसून!" आणि माझा आवाज फाटला. "चुकलं माझं. आता बोलणार आहात की नाही?"

एवढी रागावून माफी मागितलेली त्यांनी कधी पाहिली नसेल. शिंदेकाकूंनी सरकून जागा केली. मी मातीतच बसले, नवं पातळ नेसून. कोणीतरी पाणी आणलं.

"मग? कसा गेला?" पुष्पाताई.

"चांगला गेला. लिहिलंय भरपूर."

"एवढं काय व्हतं त्या पुस्तकात?"

मी सांगायला लागले. जीव तोडून सांगितलं, कारण पहिल्यांदाच ते मला नीट कळलं होतं. "एक माणूस असतो बघा. शिकलेला, हुशार. त्याला वाटतं, आपल्याएवढं शहाणं कोणी नाही. भोवतीची माणसं त्याला भेटायला येतात, काळजीनं विचारतात. पण याला त्यांची कटकट वाटते. सारखा चिडचिड करतो. शेवटी दार लावून घेतो आणि कोणाला आत येऊ देत नाही. आणि मग आत बसून रडतो, माझं कोणी नाही, माझं कोणी नाही. मी लिहिलं, दुसऱ्या कोणाचा यात काही दोष नाही, हा माणूसच आडमुठा."

सगळ्या जणी माझ्याकडं बघत होत्या. शिंदेकाकूंनी हळूच दुसरीकडं तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

पुष्पाताईंनी सुपातला एक खडा वेचला आणि लांब फेकला.

"एवढ्यासाठी तुमच्या सरांनी इंग्रजी पुस्तक वाचायला लावलं व्हय?" त्या म्हणाल्या. "आम्हाला विचारायचं बाई. आम्ही रोज बघतोय की!"